दोरजाळी ‘एक नग’ नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बागांमधल्या खेळण्यांना रंग लागतो. घसरगुंडी पिवळी होते, झोके लाल होतात. चढायच्या दोरजाळीच्या जागी मात्र बऱ्याच बागांत नुसती लोखंडी चौकट उभी दिसते. जाळी सैल झाली, लोंबायला लागली, कुणीतरी ती कापून टाकली, आणि चौकट तेवढी राहिली. मुले मग त्या चौकटीवरच चढतात. पडायची उंची तीच राहते, धरायला मात्र काही उरत नाही. जिथे जाळी अजून आहे तिथेही ती पाहून हायसे वाटत नाही. दोरजाळ्या विणणे, बसवणे आणि तपासणे हा आमचा रोजचा धंदा आहे, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण यातले आकडे कुणाच्या तरी कामी येतील.

दुखणे बागेच्या कामाच्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीत आहे : ‘रोप क्लाइंबर – १ नग’. घसरगुंडी नगावर घेतली तर फारसे बिघडत नाही. तिचा साचा ठरलेला असतो. जाळी तशी घेता येत नाही. दोर कशाचा, किती जाडीचा, किती पेडांचा, आस केवढा, सांधा कोणता, ताण कसा द्यायचा, खाली काय अंथरायचे, यांतले काहीही ‘नग’ या शब्दात येत नाही. मग ठेकेदार जे स्वस्त मिळेल ते आणतो. त्यात त्याचीही फार चूक नाही, त्याला कुणी विचारलेलेच नसते.

आधी आसाविषयी, कारण जिवाशी गाठ तिथे आहे. आस म्हणजे जाळीचा एक चौकोन, कोळी लोक म्हणतात तोच. लहान मूल जाळीवर बसते, पाय चौकोनातून खाली सोडते. पायामागून कंबर सरकते, मग छाती. डोके मात्र अडकते, आणि अंगाचा सगळा भार हनुवटीवर व गळ्यावर येतो. लहान वयात डोके धडाच्या मानाने मोठे असते, म्हणून हे घडते. युरोपातल्या ईएन ११७६ या खेळणी-मानकात यासाठी दोन मापे धरली आहेत : ८९ मिलिमीटर आणि २३० मिलिमीटर. ८९ पेक्षा लहान फटीतून मुलाचे धड जात नाही. २३० पेक्षा मोठ्या फटीतून धडापाठोपाठ डोकेही निघून जाते. मधले सगळे माप धोक्याचे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेतही साडेतीन ते नऊ इंच, म्हणजे हाच पट्टा टाळायला सांगितला आहे. जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या वर असलेल्या बंदिस्त फटींना युरोपचा हा नियम लागू होतो. त्याखाली मुलाचे पाय टेकतात.

आता बाजारात तयार मिळणारी ‘कार्गो नेट’ घ्या. आस सहसा चार, सहा किंवा आठ इंच. तिन्ही मापे त्या पट्ट्याच्या बरोबर आत. ही जाळी माल बांधायला किंवा सैनिकी सरावाला बनते, तीन वर्षांच्या मुलासाठी नाही. तरी बागांत सर्रास तीच लागते, कारण ती नगावर मिळते.

आस मोठा ठेवा म्हटले की पुढची चूक होते, ती मोजण्याची. दोराच्या मध्यापासून मध्यापर्यंत २५० मिमी धरले आणि दोर १६ मिमीचा असला, तर मोकळी जागा उरते २३४. कागदावर पास. पण जाळी कागदावर राहत नाही. ताण थोडा उतरला की चौकोन कलतो आणि पतंगासारखा होतो. पतंगाच्या बाजू तेवढ्याच राहतात, आतली जागा मात्र आकसते. आमचा हिशेब असा : २५० चा चौकोन जेमतेम दहा-अकरा अंश कलला की त्यातली मोकळी जागा २३० च्या खाली येते. तीस अंश कलला तर २०० उरते. म्हणजे बसवली त्या दिवशी निर्दोष असलेली जाळी पहिल्या पावसाळ्यानंतर फास होऊ शकते, आणि एकही दोर तुटलेला नसतो. म्हणून मध्य ते मध्य ३०० मिमी ठेवावे. मग चौकोन तीस-पस्तीस अंश कलेपर्यंत वाव मिळतो, आणि इतकी कललेली जाळी कुणाच्याही डोळ्यांना दिसते.

तपासायला महागडे उपकरण लागत नाही. तीन इंची लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी असतो. त्याचा वीतभर तुकडा ही झाली लहान मापाची पट्टी. मोठ्या मापासाठी सहा नंबरचा बास्केटबॉल घ्या, नीट हवा भरलेला. त्याचा व्यास २३० मिमीच्या किंचित वर असतो. पाइपचा तुकडा फटीतून जातो आणि चेंडू न दाबता जात नाही, अशी फट सापडली की ती जाळी मुलांसाठी बंद करायची. प्रत्येक चौकोन तपासायचा, कोपरे आधी. आणि कडेची फट विसरायची नाही. जाळीची कड आणि चौकटीचा पाइप यांच्यामध्ये ताण द्यायचा टर्नबकल (फिरवून आवळायचा स्क्रू) लावतात, त्याने तिथे दीडशे मिमीची उभी भेग पडते. मधले सगळे चौकोन बरोबर असतात, आणि ही भेग कुणी मोजलेली नसते. ती ८९ च्या आत हवी. दोन जाळ्या एकमेकींवर चढवल्या असतील तर दोघींच्या दोरांनी मिळून नवेच लहान चौकोन तयार होतात, तेही मोजावेत.

तीन वर्षांखालच्या मुलांना ३०० मिमीची पायरी झेपत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यांच्यासाठी वेगळी, गुडघाभर उंचीची, आडवी रांगायची जाळी करावी आणि तिचा आस ५० ते ६० मिमी ठेवावा. फार बारीकही नको : ८ ते २५ मिमीच्या फटीत बोटे अडकतात. एकाच जाळीत सगळ्या वयांना बसवायचा हट्ट धरला की नेमका तो मधला, धोक्याचा आस निवडला जातो.

दोराकडे वळू. हार्डवेअरच्या दुकानात प्रत्येक चकचकीत दोराला ‘नायलॉन’ म्हणतात. त्यातला निळा-पिवळा स्वस्त दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ओळखायचा सोपा उपाय : बोटभर तुकडा पाण्याच्या मगात टाका, बुडवून हवेचे बुडबुडे काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. तळाशी गेला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तरंगणारा दोर ऊन सोसणारे द्रव्य न मिसळता बनवलेला असेल तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत संपतो. तो आधी फिका पडतो, मग वरून पांढरी पूड सुटते, हात फिरवला की बारीक कुसे टोचतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथेही पीळ शाबूत दिसतो, पण भार घ्यायला सुंभ उरलेला नसतो.

नायलॉन मजबूत आणि लवचीक, पण भिजला की ताणला जातो आणि ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. कोकणात चार महिने भिजणाऱ्या जाळीला हे परवडत नाही. काथ्या, ताग, मनिला यांचे दोर हाताला छान लागतात, फोटोतही छान दिसतात. पण भिजल्यावर फुगून आखडतात, वाळल्यावर सैल पडतात आणि आतून कुजतात. वरून हिरवे शेवाळ धरते ते वेगळेच. आमची पसंती पॉलिएस्टरला : पाण्याने ताकद जात नाही, ऊन बऱ्यापैकी सोसतो, ताण धरून ठेवतो. जाडी किमान १६ मिमी. हाताच्या पकडीसाठी १६ ते ४५ मिमी हे माप मानतात. आठ-दहा मिमीचा दोर मुलाचे वजन सहज पेलेल, पण तळपाय आणि बोटे कापतो. मूल मग पकड बदलत राहते आणि तिथेच निसटते.

कुणी विचारेल, आपल्याकडे दोरावरचा मल्लखांब पिढ्यान्‌पिढ्या सुती दोरावर चालतो, त्याचे काय? त्या दोरावर एका वेळी एकच खेळाडू असतो, खाली गादी असते, बाजूला शिकवणारा उभा असतो आणि दोर छपराखाली टांगलेला असतो. बागेतल्या जाळीला यांतले काही मिळत नाही. तसेच जपानच्या जाळ्यांचे. तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम या जपानी कलावतीने हाताने विणलेल्या रंगीबेरंगी जाळ्यांची छायाचित्रे दाखवून ‘हीच हवी’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जपानमधल्या हाकोने इथल्या खुल्या संग्रहालयातली त्यांची जाळी मोठ्या लाकडी मंडपाखाली टांगलेली आहे, हे छायाचित्रात दिसत असते. पण आपल्या अंदाजपत्रकात मंडप कधी येत नाही.

मासेमारीची जुनी जाळी, क्रिकेट सरावाची जाळी आणि बाल्कनीला लावतात ती कबुतरांची जाळी या तिन्ही चढायला वापरू नयेत. किनाऱ्यावरच्या काही रिसॉर्टांत कोळ्यांची जुनी जाळी सजावट म्हणून लावतात आणि मुले तिच्यावर चढतात. तिचा बारीक धागा ओल्या पायाच्या बोटाला गुंडाळला तर कापल्याशिवाय सुटत नाही.

मोठ्या पिरॅमिडसारख्या जाळ्यांत वेगळा दोर असतो. सहा पेड, प्रत्येक पेडाच्या आत पोलादी तारा आणि वरून पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या धाग्याचे वेष्टन. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक मैदानाचे छप्पर ज्या ताणलेल्या दोरांच्या शास्त्रावर उभे आहे, त्याच विचारातून जर्मन वास्तुविशारद कॉनराड रोलंड यांनी १९७० च्या दशकात मुलांसाठी अशा अवकाशजाळ्या उभ्या केल्या. उंच असूनही त्या तुलनेने सुरक्षित, कारण आत चढणाऱ्या मुलाच्या खाली हातभर अंतरावर दुसरा दोर असतो. ते थेट जमिनीवर येत नाही. हा दोर चाकूने कापून चोरता येत नाही, हा आपल्याकडे फारच मोठा गुण. पण त्याची तार कापलेल्या टोकापाशी उघडी राहिली तर तिथून पाणी आत जाते आणि गंज आतल्या आत सरकतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. तपासताना जुन्या सुती फडक्याने दोर घट्ट धरून सरकवत जावे, उघड्या हाताने नव्हे. फडके जिथे अडकेल तिथे तुटलेल्या तारेचा काटा बाहेर आलेला असतो.

सांध्याकडे लोक कमी पाहतात. साध्या गाठीने दोराची ताकद साधारण निम्म्यावर येते, कारण गाठीत तो तीव्र वळतो आणि बाहेरच्या बाजूच्या धाग्यांवरच भार पडतो. निरगाठ निदान जागेवर राहते. सुरगाठ बागेत कुठेही नको, ताण आला की तिचा फास होतो. तीन पेडी दोराच्या जाळीत आडवा दोर उभ्या दोराच्या पेडांतून ओवायचा असतो : पेड उकलायचे, दोर आरपार काढायचा, पेड पुन्हा बसू द्यायचे. पुढच्या सांध्यावर उलट करायचे, उभा दोर आडव्यातून. असे आलटून पालटून ओवले की चौकोन कुठल्याच बाजूला सरकत नाही. टोकाला वळसा घेऊन पेड मागे गुंफायचे, कृत्रिम धाग्याच्या दोराला किमान पाच फेरे, कारण तो गुळगुळीत असतो आणि तीन फेऱ्यांची गुंफण हळूहळू निसटते. वळशात धातूचे किंवा चिवट प्लॅस्टिकचे थिंबल, म्हणजे दोर घासू न देणारे खोबणीचे अस्तर, हवेच. नाहीतर दोर कडीवर घासून नेमका वरच्या पाइपाशी तुटतो. नव्वद टक्के लक्ष जाळीच्या मध्याकडे जाते आणि ती तुटते वरच्या कडेला.

पोलादी गाभ्याच्या दोराला असे ओवता येत नाही. त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या दाबून बसवलेल्या कड्या किंवा दोन भागांचे गोल प्लॅस्टिकचे सांधे लागतात, आणि कड्या हायड्रॉलिक यंत्रावरच दाबाव्या लागतात. हातोडीने ठोकलेली कडी दिसते तशीच, पण पहिल्या सुट्टीतच फिरायला लागते. बाइंडिंग तार आणि प्लॅस्टिकचे टाय यांनी चौकोन बांधणे हा तर गुन्हाच मानावा. तारेची टोके डोळ्याच्या उंचीवर येतात. टाय उन्हाने कडक होऊन तुटतात आणि धारदार खुंट मागे ठेवतात. नटबोल्टची उघडी टोके घुमटाकार टोपीने झाकावीत. साखळी कुठे वापरलीच तर तिच्या कडीची आतली फट ८.६ मिमीपेक्षा मोठी नसावी, हे माप बोटांसाठी आहे.

एक प्रत्यक्ष हिशेब देतो, म्हणजे दरपत्रक मागताना उपयोग होईल. तीन मीटर रुंद, १.८ मीटर उंच सपाट उभी जाळी, आस ३०० मिमी. रुंदीत दहा चौकोन, उंचीत सहा. उभे दोर अकरा, आडवे सात. उभ्यांची लांबी १९.८ मीटर, आडव्यांची २१. प्रत्येक टोकाच्या वळशाला ३५ सेंमी धरले तर ३६ टोकांना १२.६ मीटर. एकूण साडेत्रेपन्न मीटरच्या आसपास, म्हणजे साठ मीटर दोर मागवावा. सांधे कडेसकट सत्याहत्तर. बसवताना आधी वरची कड, मग खालची, शेवटी दोन्ही बाजू ताणाव्यात. बाजू आधी ताणल्या तर जाळी मधे फुगते. दोन्ही कर्ण मोजावेत, दोन्ही बरोबर साडेतीन मीटर यायला हवेत. एक ३.७० आणि दुसरा ३.३० आला तर चौकोन पहिल्याच दिवशी सात अंश कललेले आहेत, आणि वर सांगितलेला वाव तेवढा आधीच संपला आहे. आमचा ठोकताळा असा की मोठा माणूस जाळीच्या मधे उभा राहिला आणि ती वीतभरापेक्षा जास्त झुकली, तर ताण कमी आहे.

चौकटीला तीन इंची, आयएस १२३९ या पाइपांच्या भारतीय मानकातला बी किंवा सी क्लासचा (मध्यम किंवा जड) पाइप पुरतो. सहा मीटरच्या एका पाइपचे बरोबर दोन खांब होतात : दोन मीटर वर, एक मीटर जमिनीत. ताणलेली जाळी खांबांना सतत आत ओढत असते, म्हणून एक फूट खोलीच्या काँक्रीटवर भागवलेली चौकट वर्षभरात आत झुकते आणि मग जाळी आपोआप सैल पडते. लोक जाळीला दोष देतात. काँक्रीटचा माथा खेळाच्या पृष्ठभागापासून ४० सेंमी खाली हवा, खांबाभोवती दिसणारा सिमेंटचा ओटा म्हणजे डोके आपटायची जागा. खालचा आडवा पाइपही पुरलेला असावा. वाळूच्या वर उघडा राहिलेला पाइप म्हणजे पडणाऱ्या मुलाच्या पाठीखाली ठेवलेली कांब.

आणि जमीन. इथे सर्वांत जास्त काटकसर होते आणि हातपाय इथेच मोडतात. पेव्हर ब्लॉक, कोबा, घट्ट मुरूम यांच्यावर चढायची जाळी लावूच नये. हिरवळ एक मीटरपर्यंतच्या पडण्याला चालते, तीही जिवंत असेपर्यंत. जाळीखालची हिरवळ महिन्याभरात तुडवून टणक माती होते. दोन मीटरपर्यंतच्या उंचीला २० सेंमी वाळू लागते आणि मुलांच्या पायांनी ती बाजूला सरते म्हणून आणखी १० सेंमी, असे ३०. दोन ते तीन मीटरला ४०. तीन मीटरच्या वरून थेट पडता येईल असे खेळणे युरोपचे मानक मान्यच करत नाही. वाळू जाळीच्या खाली तेवढीच नको. पडणारे मूल बाहेरच्या बाजूला पडते. दीड मीटर उंचीपर्यंत भोवती दीड मीटर जागा. उंची त्याहून जास्त असेल तर तिच्या दोन तृतीयांशांत अर्धा मीटर मिळवायचा. दोन मीटरला १.८३ मीटर होतात. वर सांगितलेल्या चौकटीसाठी म्हणजे साधारण सात मीटर बाय पावणेचार मीटरचा खड्डा, सव्वीस चौरस मीटर, आणि पावणेतीन ब्रास वाळू. तीन ब्रास मागवावी, बसते. या जागेत बाक, कचरापेटी, झाडाचा पार, शेजारच्या झोक्याचा खांब यांतले काही येता कामा नये.

वाळू कोणती यावरही बरेच अवलंबून आहे. धुतलेली, गोल कणांची, ०.२ ते २ मिमीची. हल्ली नदीची वाळू महाग आणि दुर्मीळ, म्हणून क्रशसँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, टाकतात. तिचे कण कोनदार आणि वर दगडाची भुकटी. पहिल्या पावसात ती अशी बसते की कुदळ मारावी लागते. मूठभर ओली वाळू दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर तिच्यात माती किंवा भुकटी आहे. खड्ड्याच्या तळाला खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे) कापड आणि पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर जूनमध्ये तिथे डबके होते. मांजरी-कुत्री घाण करतात हा वाळूवरचा आक्षेप खरा आहे. त्याला रोज सकाळी दंताळे मारणे हाच उपाय, आणि त्याने वाळू भुसभुशीतही राहते. रबराच्या फरशा हव्या असतील तर त्या किती उंचीच्या पडण्यासाठी तपासल्या आहेत ते प्रमाणपत्रावर पाहावे. रंग आणि चमक पाहून घेतलेली इंचभर जाडीची फरशी दोन मीटरला पुरी पडत नाही. चंद्रपूर-नागपूरच्या दुपारी ती अनवाणी पायांना भाजते, हेही लक्षात ठेवावे. दोर मात्र त्या उन्हातही पाइपसारखा तापत नाही. तिकडच्या बागांत जाळी हवीच, ती याचसाठी.

तेव्हा ‘१ नग’च्या जागी ओळ अशी लिहिता येईल : ‘पॉलिएस्टरचा तीन पेडी दोर, १६ मिमी, आस मध्य ते मध्य ३०० मिमी, कुठलीही बंदिस्त फट ८९ ते २३० मिमीच्या दरम्यान नसावी, सांधे पेडांतून ओवलेले, टोके पाच फेऱ्यांनी गुंफलेली, थिंबलसह, खाली धुतलेली वाळू ३० सेंमी, चारही बाजूंना १.८३ मीटर, तीन महिन्यांनी व पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा ताण देणे ठेकेदाराकडे.’ शेवटचा तुकडा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. नवा दोर पहिल्या काही आठवड्यांत बसतोच; दोष दायित्वाच्या काळात (ठेकेदाराने दोष स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत) हे काम लिहिलेले नसेल तर ते कुणाचेच नसते.

देखभालीत माळ्याने रोज एक फेरी मारून काचा, तुटलेली टोके आणि सरलेली वाळू पाहावी. एक ते तीन महिन्यांनी सांधे, थिंबल, खांबांचा झुकाव तपासावा. वर्षातून एकदा जाणकाराकडून सगळे मोजून घ्यावे. दोराची जाडी मूळच्या दहा टक्क्यांनी घटली किंवा तीनांतला एक पेड तुटला की तो दोर बदलायचा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची नाही. फरशा धुवायला आणलेले आम्ल जाळीवर उडू देऊ नये, नायलॉन त्याने ठिसूळ होतो. कॉस्टिक सोड्याने पॉलिएस्टर खराब होतो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

पालकांसाठी एवढेच : मुलाला जाळीवर सोडण्याआधी ओढणी, शाळेच्या ओळखपत्राची फीत, गळ्यातला काळा दोरा, टोपडीची नाडी काढून घ्या. सायकलचे शिरस्त्राणसुद्धा. रस्त्यावर ते डोके वाचवते; जाळीत मात्र धड चौकोनातून जाते, शिरस्त्राण वर अडकते आणि पट्टा गळ्याला बसतो.

शेवटी, सदोष जाळी बंद कशी करावी याबद्दल, कारण तीही चुकीची केली जाते. पिवळी फीत गुंडाळून उपयोग नाही, मुले ती पहिल्या तासात काढतात. अर्धी कापलेली, एका टोकाने लोंबणारी जाळी मूळच्या जाळीपेक्षा वाईट. मोकळा दोर गळ्याभोवती येतो. जाळी पूर्ण उतरवावी. डी-शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या कडीने) टांगली असेल तर दोन माणसे आणि पाना, अर्ध्या तासाचे काम. म्हणूनच वेल्डिंग केलेले हूक नकोत, आणि शॅकलची पिन पान्याशिवाय फिरणार नाही अशी हवी. उतरवलेली जाळी गुंडाळून सावलीत ठेवावी, उंदीर लागणार नाहीत अशी. चौकटीचा वरचा पाइप सुटा असेल तर तोही त्याच दिवशी काढून घ्यावा. नसेल, तर नवी जाळी येईपर्यंत खालची वाळू तशीच राहू द्यावी. ती उचलून दुसऱ्या कामावर नेऊ नये.

आपले,
दोरजाळ्या विणणारे व तपासणारे काही कारागीर,
ठाणे